शेजारचं पाल

मी आठवड्याला चार बाजार करतो. मिरची, हळद, धने, खोबरं, चिंच. मिरची धर्माबादहून आणायची, हळद नांदेडहून, आणि ती पोती टेम्पोत घालून गावोगाव हिंडवायची. पस्तीस वर्षं हेच चाललंय. पहिली वीस हौसेनं केली, पुढची दहा सवयीनं, आणि आता जी चालली आहेत ती कशासाठी, असं बायको विचारते तेव्हा मी चहा मागतो. पहाटे टेम्पोत चढताना गुडघे कुरकुरतात. पोतं उतरवायला हमालाला हाक मारावी लागते. दिवसभर मिरचीत बसून संध्याकाळी नाक इतकं चुरचुरतं, की जेवणाची चव लागत नाही. माझे वडील कपाळाला विभूती लावून हाच धंदा करायचे, मीही लावतो. पण वडील संध्याकाळी पाल उतरवताना गुणगुणायचे. मला तेवढं जमलं नाही.

पाल म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, खाली अंथरलेली पोती. आठवडी बाजारातलं आमचं दुकान एवढंच. सकाळी ठोकायचं, दिवेलागणीला गुंडाळायचं.

ज्या बाजाराचं मी सांगतोय तो उदगीरहून तासाभरावर, कर्नाटकाच्या बाजूला. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथं अजून धंदा करायचाय. तिथं कुणाची जागा कोणती हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. पावतीवाला दर बाजारी पावती फाडायचा, पण तिच्यावर जागेचा उल्लेख नसायचा. तरी नवा माणूस आला आणि चुकून कुणाच्या जागेवर बसला, तर आजूबाजूचे चार जण त्याला उठवायचे. माणूस आजारी पडला, लग्नाला गेला, तर शेजारी त्याच्या जागेवर दोन दगड ठेवायचे आणि त्या दगडांना दिवसभर राखायचे. भांडणं व्हायची, नाही कशाला म्हणू? पण जागा कुणाची हे भांडणाऱ्यालाही ठाऊक असायचं.

माझ्या डाव्या हाताला आक्काचं पाल होतं. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. शेतकऱ्याच्या घरची, धंदेवाईक नव्हे. जवस, कारळं, हुलगे, गावरान लसूण, कधी अंबाडीची भाजी. मोंढ्यातल्या घाऊक व्यापाऱ्याकडं नेण्याएवढं जे नसतं ते ती बाजारात आणायची. घरातल्या सोयाबीनचा पैसा मालकाच्या हातात जायचा, आणि बांधावरच्या जवसाचा आक्काच्या. त्या पैशावर तिनं घरात काय काय केलं हे मी पंचवीस वर्षं शेजारी बसून ऐकलंय. त्यात मला दम लागावा अशा याद्या असायच्या. ती मला अण्णा म्हणायची. माझी चेष्टा करायची. "अण्णा, तुमच्या मिरचीपक्षा तुमचं तोंड तिखट हाय, गिऱ्हाईक पळतंय," असं भर बाजारात मोठ्यानं म्हणायची, आणि ते खरं असल्यामुळं मला राग यायचा.

गावाच्या बायपासला नवा बाजार बांधायचं ठरलं, त्याच्या भूमिपूजनाला एका साहेबांनी आठवडी बाजाराच्या महत्त्वावर भाषण केलं होतं. शेतकऱ्याचा माल थेट ग्राहकाला, गावातला पैसा गावात, महिलांना रोजगार. खोटं एक अक्षर बोलले नाहीत. आम्ही उन्हात उभे राहून टाळ्या वाजवल्या. पण आक्का त्या बाजारात कशासाठी यायची हे त्या भाषणात नव्हतं, आणि असायला साहेबांना ते माहीत कुठून असणार?

आक्काची एकुलती पोरगी पलीकडच्या गावात दिली होती. लग्नानंतर दोनेक वर्षांनी जावई आणि आक्काचा पोरगा यांचं कशावरून तरी बिनसलं. कशावरून, ते आक्काही नीट सांगू शकत नव्हती. एवढंच झालं, की त्यांनी सुनेला माहेरी धाडणं बंद केलं आणि यांनीही आणायला जाणं सोडलं. घरात मोबाईल एकच, तो जावयाच्या खिशात. पण बाजार कुणाच्या घरात भरत नाही. पोरीची सासू दर आठवड्याला बाजाराला यायची, सोबत सुनेला आणायची, पिशव्या उचलायला. आक्काच्या पालापाशी आली की म्हणायची, "बस गं हितं घटकाभर, मी भाजी बघून येते." आणि तास-तास यायची नाही. सासू वाईट नव्हती. पोरांच्या भांडणात पडायचं नाही आणि मायलेकींना तोडायचंही नाही, हा मार्ग तिनं शोधला होता. माहेरी गेलीस का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणता येत होतं. बाजारात गाठ पडली तर पडली, त्याला कोण काय करणार?

सहा वर्षं ही भेट त्या पालाखाली होत होती. मायलेकी मागच्या पोत्यावर बसायच्या, भाकरी सोडायच्या. पोरगी मला मामा म्हणायची आणि जवसाच्या चटणीतला वाटा माझ्या पानावर घालायची. मग मी त्यांच्याकडं पाठ करून मिरची खालीवर करत बसायचो. गिऱ्हाईक आलं तर आक्काचा मालही मीच द्यायचो. जाताना आक्का पोरीच्या पिशवीत जवस, लसूण, असेल ते कोंबायची. एवढ्या एका तासासाठी ती म्हातारी आठवडाभर निवडणं-पाखडणं करायची, हे मला दिसत होतं.

मग आक्काला दिसेनासं झालं. मापट्यात जवस भरताना बोटांनी काठ चाचपायला लागली. दहाची नोट कुठली आणि वीसची कुठली, ते मला विचारायची. शेवटी पोरानं लातूरला मोतीबिंदू काढायचं ठरवलं.

"अण्णा, तीन बाजार माझं येणं व्हत न्हाई," ती म्हणाली. "जवस अन् कारळं ठिवून जाते. इकलं तर इका, न्हाई तर राहू द्या. पोरगी आली तर बसवून घ्या. म्हणावं, आई चांगली हाय, डोळ्याचं करायला गेली."

"तू जा गं. तुझी जागा कुठं पळून जात नाही," मी म्हणालो. अगदी हेच शब्द म्हणालो.

आता इथं आमच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. शेजाऱ्याचं पाल सांभाळताना ते दुसऱ्याचं आहे असं कधी म्हणायचं नाही. मालक गावाला गेलाय म्हटलं की गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, नाहीतर पुढच्या बाजारी बघू म्हणून निघून जातं. म्हणून विचारलं तर सांगायचं, माझंच आहे. यात लबाडी नाही. माल कमी भरला, भिजला, कुणी उचलून नेला, तर सांभाळणाऱ्यानं भरून द्यायचं. तेवढा वेळ तो खरोखर तुमचाच असतो. वडलांनी मला हे पहिल्याच वर्षी शिकवलं, आणि आक्कानं माझ्या मिरचीसाठी कितीदा तरी हेच केलं. मी देवाला गेलो तेव्हा, माझी मुलगी बाळंत झाली तेव्हा. तेव्हा ती आमच्या दोन पालांमधला बांबू काढून मोठं एक पाल करायची आणि मध्ये बसायची.

पहिल्या बाजारी मीही तसंच केलं. मधला बांबू काढला, ताडपत्र्या जोडल्या, डावीकडं जवस-कारळं, उजवीकडं मिरची-हळद, मध्ये मी. पोरगी आली, तासभर बसली, आईचं कसं काय ते चार वेळा विचारून गेली. दुसऱ्या बाजारी ती यायच्या आधी मोबाईल घेतलेली नगरपंचायतीची दोन पोरं आली. गळ्यात पट्ट्या होत्या, डोक्यावर टोप्या होत्या. नवा बाजार बायपासला बांधून होत आला होता, तिथं ओटे द्यायचे म्हणून कोण कुठं बसतं त्याची नोंद चालली होती.

त्या वेळी एक गिऱ्हाईक कारळ्यात हात घालून उभं होतं. महा चिकट माणूस. पाव तास घासाघीस करून नुकताच भावाला आला होता.

"आजोबा, हे दोन्ही तुमचंच का?" त्या पोरानं विचारलं.

"माझंच हाय सगळं," मी म्हणालो. त्या गिऱ्हाइकाकडं बघत म्हणालो.

पोरानं फोटो काढला. काचेवर माझा अंगठा घेतला. गिऱ्हाइकानं कारळं घेतलं. मला बरं वाटलं, आक्काचा माल चांगल्या भावात गेला म्हणून.

संध्याकाळी पाल सोडताना मनात आलं, की अरे, आक्काचं नाव सांगायला हवं होतं. खरं तेच लिहितो, मनात आलं होतं. पण अशा नोंदी मी आयुष्यात पुष्कळ पाहिल्यात. कुणीतरी येतं, लिहून नेतं, पुढं काही होत नाही. पाठ भरून आली होती, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. पुढच्या बाजारी सांगू म्हटलं. पुढच्या बाजारी ती पोरं आली नाहीत, आणि मी त्यांना शोधायला गेलो नाही.

आक्का काळा चष्मा लावून परत आली तेव्हा यादी नगरपंचायतीच्या भिंतीवर डकवलेली होती. सगळा बाजार तिथं लोटला होता. आक्काला वाचता येत नाही. ती माझा हात धरून म्हणाली, "माझं बगा कितवं हाय."

माझं नाव होतं, पुढं दोन आकडे होते. ओटे दोन, जोडून. तिचं नाव नव्हतं. मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मला पहिल्याच वेळी सगळं कळलं होतं.

"राहिलं असंल," मी म्हणालो. "अर्ज करू."

त्या दिवशी मी एवढंच बोललो. त्या रात्री झोप आली नाही वगैरे काही झालं नाही. दमलेला माणूस झोपतो. पण पुढचे आठ दिवस मी बायकोवर उगाच खेकसत होतो. माझी मला लाज वाटत होती आणि ते तोंडानं म्हणायचं धाडस नव्हतं.

अर्ज घेऊन आम्ही दोघं कचेरीत गेलो. टेबलावरच्या बाई सभ्य होत्या. त्यांनी आक्काला खुर्ची दिली. जागा कुठली ते विचारून घेतलं, मग संगणकावर बराच वेळ शोधलं आणि पडदा आमच्याकडं वळवला.

"इथं तर या काकांचंच दुकान आहे, आजी. हा फोटो बघा."

आक्कानं चष्मा काढला आणि पुढं वाकली. नवा डोळा तिला नुकताच मिळाला होता, आणि त्यानं ती फोटो बघत होती. फोटोत मी ताठ बसलो होतो. उजव्या हाताला मिरची, डाव्या हाताला तिचं जवस, तिचं कारळं, तिचं पोचे पडलेलं पितळी मापटं. ती पडद्याकडं बघत होती तोवर मी कचेरीच्या फरशीकडं बघत होतो.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. रीत सांगितली, गिऱ्हाईक सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुम्ही स्वतः अंगठा दिलाय. यादी जिल्ह्याला गेली, आता नवीन नाव घालता येत नाही. पाच वर्षं हीच यादी. ओट्याचा मालक एक, आणि ओटा दुसऱ्याला दिलेला तपासणीत दिसला तर दोन्ही ओटे जातील. मग थोडं थांबून, आवाज उतरवून म्हणाल्या, "मदतनीस म्हणून एक नाव घालता येतं. ओळखपत्र मिळतं. बसता येईल त्यांना."

मी आक्काकडं बघितलं. ती म्हणाली, "घाला."

बाहेर आल्यावर आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. भांडणाला माझ्याकडं उत्तरं तयार होती. दोन-तीन दिवस मी ती घोळवत होतो. ती म्हणाली, "अण्णा, तुमी दुसरं काय म्हणणार व्हता? मी असते तर मी बी तेच म्हणले असते." मी तिला चहा पाजला. ती बशीत ओतून प्याली आणि गाडी गाठायला निघून गेली.

नवा बाजार देखणा आहे, ते कबूल करतो. वर पत्रा, पाण्याचा नळ, बायकांसाठी स्वच्छतागृह. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना शंभर गुन्हे माफ करीन, कारण आक्का दिवसभर पाणी न पिता बसायची. पण गाडीच्या थांब्यापासून लांब. येणारी माणसं कमी झाली आणि सगळ्यांच्या जागा बदलल्यामुळं जी आली ती गोल-गोल फिरत राहिली. मी माझ्या दोन ओट्यांपैकी डावीकडचा तिला दिला. दिला म्हणजे काय, ती बसली. गळ्यात लाल पट्टीचं ओळखपत्र, त्यावर चष्म्यातला फोटो. ते पदराखाली झाकायची तर तपासनीस बाहेर काढायला लावायचा.

पहिले दोन बाजार पोरगी आली नाही. तिला जागाच सापडली नसंल, आक्का म्हणायची. जुन्या बाजारात जाऊन परत गेली असंल, म्हणायची. दोन्ही बाजार तिनं भाकरी सोडलीच नाही, तशीच बांधून परत नेली. मला ते पाहवत नव्हतं आणि तिथून उठून जाताही येत नव्हतं.

तिसऱ्या बाजारी दुपारी मायलेकींची गाठ पडली. पोरगी सासूच्या मागून दोन पिशव्या घेऊन आली आणि आईचे डोळे बघून तिथंच रडायला लागली. आक्का हसत होती. "लई बारीक झालीस गं. आता दिसायलंय मला, काय लपवतीस?" सासूही हसली. नेहमीप्रमाणं ती आता भाजी बघायला जाणार, एवढ्यात तिचं लक्ष त्या लाल पट्टीकडं गेलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. तिनं ते हातात घेऊन वाचलं.

"मदतनीस," ती म्हणाली. "म्हंजी इहीनबाई, आता तुमी अण्णाच्या हाताखाली का?"

तपासनीस शेजारच्या ओट्यावर होता, बांगडीवाल्याशी वाद घालत. आक्कानं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी तराजू हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

"हाव," आक्का म्हणाली. "डोळ्याचं झाल्यापून एकटीनं झेपत न्हाई. ह्यांच्याकडंच असते."

पोरगी ओट्यावर टेकणार होती, ती टेकली नाही. उभीच राहिली. जिला पंचवीस वर्षं आपलं पाल होतं, त्या बाईपाशी सून तासभर सोडणं वेगळं, आणि दुसऱ्याच्या कामावर असलेल्या बाईचा वेळ घेणं वेगळं. "तुमचा खोळंबा नगं," सासू म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मी तोंड उघडलं असतं आणि खरं सांगितलं असतं, तर दोन्ही ओटे गेले असते, तपासनीस चार हातांवर होता. पहिल्यांदा गरज नसताना मी ते माझं म्हणालो होतो. आता दर आठवड्याला मला ते म्हणावंच लागणार होतं.

आक्कानं घाईघाईनं जवसाची पिशवी भरली, वर लसणाच्या चार गड्ड्या टाकल्या आणि लेकीपुढं धरली. सासूनं मध्येच हात घातला.

"असं नगं इहीनबाई. दुसऱ्याचा माल हाय, फुकट कसा न्यावा?"

पोरीनं आईकडं पाहिलं. आईनं मान खाली घातली आणि सांडलेलं जवस बोटांनी गोळा करायला लागली. मग पोरीनं कमरेची छोटी पिशवी काढली, तिची नाडी सोडली आणि माझ्याकडं वळली.

"मामा, किती झाले?"

राहू दे म्हणावं, तर तिच्याच आईचं जवस मी तिला दान दिल्यासारखं होणार होतं. मी भाव सांगितला. तिनं पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले, आणि मी ते घेतले.